सावकाराचे दार आणि कंपनीचा कागद: ग्रामीण कादंबरीतील सत्तेच्या चित्रणाविषयी काही विचार

१

मराठी ग्रामीण साहित्याची समीक्षा करताना आपण सत्तेचा विचार बहुधा व्यक्तिरेखेच्या अंगाने करतो. सावकार, पाटील, कुलकर्णी, तलाठी, अडत्या, पुढारी ही या साहित्यातील सत्तेची परिचित रूपे आहेत. त्यांना घर असते, ओसरी असते, बोलण्याची विशिष्ट ढब असते आणि मुख्य म्हणजे दार असते. नाडलेला कुणबी त्या दाराशी जातो, विनवणी करतो, अपमान गिळून परततो, क्वचित हातही उगारतो. या जाण्यायेण्यातूनच कथानकाला गती मिळते. लुकाचने वास्तववादाच्या चर्चेत प्रातिनिधिक व्यक्तिरेखेला जे मध्यवर्ती स्थान दिले, त्याचा अर्थ असा की, एक संपूर्ण सामाजिक संबंध एका माणसाच्या वागण्याबोलण्यात सामावलेला दिसावा. मराठी कथाकादंबरीतील सावकार या कसोटीला पुरेपूर उतरतो.

परंतु ज्या सत्तेला देहच नाही, तिचे काय करायचे? बियाण्याची किंमत, त्यातील गुणधर्माची मालकी, पिकाचा भाव, विम्याची अट या गोष्टी ज्या संस्था ठरवतात त्यांचे कार्यालय मुंबईत, सेंट लुईसला किंवा लेव्हरकुसेनला असते. तेथे पोहोचले तरी भेटतो तो नोकरच. कंपनी ही कायद्याने ‘व्यक्ती’ असली तरी कादंबरीच्या अर्थाने ती व्यक्तिरेखा होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, या सत्तेसाठी रूप सापडले नाही म्हणजे वास्तववादी कादंबरी तिची जबाबदारी नकळत घरातल्या माणसांत वाटून टाकते, आणि समीक्षाही त्या वाटणीला ‘कौटुंबिक वाताहत’ असे नाव देऊन मोकळी होते. यातून बाहेर पडायचे तर कंपनीला माणसात शोधण्याऐवजी तिच्या कागदात शोधले पाहिजे. हे काम मूलतः वाचनाचे आहे, आणि म्हणून ते समीक्षेचेही आहे.

२

या विवेचनासाठी वाशीम जिल्हा निवडण्याचे कारण केवळ सान्निध्याचे नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा सुमारे पावणेदोनशे वर्षे कंपन्यांच्या कागदांखाली वावरत आला आहे. येथे अशा तीन कागदांचा निर्देश करतो.

पहिला कागद १८५३चा तह. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, आणि त्यात बासीमचा, म्हणजे आजच्या वाशीमचा, मुलूखही गेला. हा व्यवहार युद्धातून न घडता कर्जातून घडला, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. एका व्यापारी कंपनीने थकबाकीच्या बदल्यात एक प्रांत ताब्यात घेतला; गहाणखताचे तर्कशास्त्र येथे राज्यशास्त्राला लागू झाले. मराठी भाषेने या घटनेची नोंद अचूक ठेवली आहे. ‘कंपनी सरकार’ हा शब्द आज आपल्याला ऐतिहासिक वाटतो, पण त्यातील दोन पदांचे सान्निध्य मुद्दाम लक्षपूर्वक वाचावे असे आहे. व्यापार आणि शासन वेगळे असतात हा समज या शब्दाने कधीच मानला नव्हता. १८५८मध्ये कंपनीचा अंमल संपला; वऱ्हाड ब्रिटिश प्रशासनाखालीच राहिले. पुढे अमेरिकेतील १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला मागणी वाढली आणि लिव्हरपूलच्या भावाशी येथील पेऱ्याचे नाते जुळले.

दुसरा कागद रेल्वेचा. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत गेलेला अरुंद मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने कापसाच्या वाहतुकीसाठी घालण्यात आला. तो सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग कंपनीचाच राहिला आणि करारान्वये त्यावर भारतीय रेल्वे गाडी चालवीत राहिली. १९९४पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन होते. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. हे नामकरण वाङ्मयीन दृष्ट्या अर्थपूर्ण आहे. लोकमानसाने एका मालमत्तेला नाते दिले, तिच्यावर माया केली, तिच्या संथपणाच्या गमतीजमती सांगितल्या. या मायेत काही खोटे नाही. पण त्या नावाने एक गोष्ट मात्र झाकली गेली: मालकाचे नाव. गाडीला चेहरा मिळाला आणि करार दिसेनासा झाला.

तिसरा कागद बियाण्याच्या पाकिटावरचा. मार्च २००२मध्ये केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिको-मोन्सॅन्टोच्या बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. महिको ही जालन्याची, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये उभी केलेली कंपनी, मोन्सॅन्टो अमेरिकेची. २००६मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड दोन’ आले. २०१८मध्ये मोन्सॅन्टो जर्मनीच्या बायरने विकत घेतली. मानोरा, कारंजा, मंगरूळपीर या भागांत कापूस पेरणाऱ्याच्या दृष्टीने मालक बदलला, पण त्याला तसे कोणी कळवण्याची गरज नव्हती. पूर्वी सावकारी पेढी बापाकडून मुलाकडे जाई तेव्हा गावाला ते कळत असे. येथे वारसा सातासमुद्रापार बदलला आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर काहीच हलले नाही.

३

हे तिसरे पाकीट संहिता म्हणून वाचून पाहू. सुरुवातीच्या काळात एका पाकिटात बीटीचे ४५० ग्रॅम बियाणे असे आणि सोबत बिगरबीटीची १२० ग्रॅमची लहान पुडी असे. ती पुडी शेताच्या कडेने पेरायची. बोंडअळीला तेथे आश्रय मिळावा आणि तिच्यात प्रतिकारशक्ती लवकर निर्माण होऊ नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे शेतकऱ्याने किडीसाठी काही ओळी पेरायच्या होत्या. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू तुकड्यावर हा सल्ला किती व्यवहार्य, हा प्रश्न पाकिटाने विचारला नव्हता. ती पुडी पुष्कळदा पेरलीच गेली नाही.

पुढचा टप्पा वाचनशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१०मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले, आणि कारणांमध्ये अनधिकृत बियाण्यांचा आरंभीचा वापर व आश्रयओळी पुरेशा न पेरणे यांचा उल्लेख केला. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात हीच अळी ‘बोलगार्ड दोन’च्या बोंडांत मोठ्या प्रमाणावर सापडली. ज्या संहितेचे प्रतिपादन अपुरे ठरते तेव्हा ती वाचकाच्या सदोष वाचनाकडे बोट दाखवते, असे संहितेचे वर्तन आपल्याला धर्मग्रंथांच्या परंपरेतून ठाऊक आहे. विधी फळला नाही तर यजमानाचे काहीतरी चुकले. पाकिटावरच्या सूचनांत हा जुना युक्तिवाद नव्या परिभाषेत पुन्हा येतो.

या संहितेचा लेखक कोण? बार्थ आणि फूको यांच्या निबंधांपासून ‘लेखक’ या संकल्पनेची पुष्कळ चिकित्सा आपल्याकडेही झाली. येथे मात्र लेखकाच्या जागी हक्कधारक आहे. त्याने लिहिलेला मजकूर पाकिटावर आहे तितकाच बियाण्यातही आहे. भारतात बीटी कापूस प्रामुख्याने संकरित वाणांतून विकला गेला. संकरित पिकाची सरकी पुढच्या वर्षी लावली तर तो जोम राहत नाही. त्यामुळे दरवर्षी नवे पाकीट घेण्याची अट कुठे सहीशिक्क्याने लिहिलेली नव्हती. ती बीजातच होती. मराठीत ‘खत’ हा शब्द जमिनीत घालायच्या वस्तूलाही लागतो आणि कर्जाच्या दस्तऐवजालाही. आता बियाणे हेच दस्तऐवज झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

कायद्याची भाषाही अशीच बारकाईने वाचावी लागेल. २००१च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाचे कलम ३९ शेतकऱ्याला आपल्या उत्पन्नातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क देते. मात्र संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून विकता येणार नाही, अशी मर्यादा घालते. शेतकऱ्याला बी आहे, नाव नाही. ज्या समीक्षेने दलित साहित्याच्या निमित्ताने ‘नाव’ आणि ‘ओळख’ यांवर एवढे मूलगामी चिंतन केले, तिला या एका वाक्यात पुष्कळ वाचता यावे.

येथे सोयाबीनचा उल्लेख केल्याशिवाय वाशीमचे चित्र पुरे होत नाही, कारण जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक आता तेच आहे. सोयाबीन स्वपरागित असल्याने घरचे बियाणे राखता येते. तेथे बीजावर शेतकऱ्याचा हात अजून आहे. पण सत्ता दुसऱ्या टोकाने, भावाच्या बाजूने, शिरते. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकीय सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला सोयाबीनचे वायदे स्थगित झाले. शिकागोचा बाजार, पामतेलाची आयात, पेंड घेणारा कुक्कुटपालन उद्योग आणि दिल्लीचा आदेश यांच्या संयोगातून जो आकडा निघतो तो कारंजा बाजार समितीच्या आवारात बोली होऊन उच्चारला जातो. बोली लावणाऱ्याचा आवाज गावातला असतो, आकडा नसतो.

४

अशा सत्तेसमोर कादंबरी काय करते? आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’मध्ये (१९७१) शेतावर येणारा ट्रॅक्टर नारबाचे जनावरांशी असलेले जग मोडतो. बदलाला तेथे यंत्राचे दृश्य रूप आहे. ते आवाज करते, जागा व्यापते, बैलाला हटवते. नारबाची शोकांतिका आपल्याला उमगते, कारण तिचे कारण शेतात उभे आहे. हा ट्रॅक्टर मालकाने आणला, आणि मालक गावातलाच आहे.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे बीटीला मान्यता मिळाली त्याच वर्षी, आणि २००४मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचे शेतीवर जगणारे घर यांच्याभोवती ती फिरते. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या घरातील ताण एवढ्या बारकाईने टिपणारी दुसरी कादंबरी सहज आठवत नाही. तिच्याकडून बीटीच्या अनुभवाची अपेक्षा करणे अर्थातच अन्यायाचे होईल. पण ती ज्या उंबरठ्यावर उभी आहे तेथून एक प्रश्न स्पष्ट दिसतो. या कादंबरीत धुमसणारे बरेचसे भांडण घरात आहे: बाप आणि मुलगा, नवरा आणि बायको, भाऊ आणि भाऊ. शेती तोट्यात का जाते याचे उत्तर ज्यांच्याकडे आहे ते तेथे उपस्थित नाहीत. म्हणून उपस्थित असलेली माणसे एकमेकांना जाब विचारतात.

हे कादंबरीचे अपयश म्हणावे का? माझ्या मते नाही. ते तिचे अत्यंत प्रामाणिक निरीक्षण आहे. अनुपस्थित सत्तेखाली घर असेच वागते. जेथे दार ठोठावता येत नाही तेथे राग घरातल्या भिंतींवर आदळतो. अपयश असलेच तर वाचनाचे आहे. ‘कुटुंबाचे विघटन’, ‘दोन पिढ्यांतील संघर्ष’, ‘नियतीचा फेरा’ अशी शीर्षके देऊन आपण हे भांडण खासगी ठरवतो. पदव्युत्तर वर्गांच्या प्रश्नपत्रिकांतून हीच शीर्षके वर्षानुवर्षे फिरतात. मग विद्यार्थी, जो स्वतः बहुधा अशाच घरातून आलेला असतो, आपल्या बापाच्या कर्जाचे कारण बापाच्या स्वभावात शोधायला शिकतो. साहित्याचे अध्यापन त्याला याहून अधिक काही देऊ शकत नसेल, तर त्याने आमच्या वर्गात बसावे कशासाठी?

परदेशी कादंबरीने हा पेच वेगळ्या मार्गांनी हाताळला आहे. फ्रँक नॉरिसच्या ‘द ऑक्टोपस’मध्ये (१९०१) कॅलिफोर्नियातील गहू पिकवणाऱ्यांचा रेल्वे कंपनीशी झगडा आहे. कवी असलेला नायक अखेर कंपनीच्या अध्यक्षाच्या दालनात पोहोचतो. तेव्हा तो अध्यक्ष दोष माणसांवरून काढून शक्तींवर, परिस्थितीवर ढकलतो, आणि नायक निरुत्तर होतो. दार सापडूनही उपयोग होत नाही. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये (१९३९) घरावर ट्रॅक्टर घालणाऱ्याला कुळ बंदूक दाखवते. चालक गावातलाच पोरगा आहे. त्याच्यामागे बँक, बँकेमागे पूर्वेकडून येणारे हुकूम. गोळी नेमकी कोणाला घालावी याचा पत्ता लागत नाही. स्टाइनबेकने या अनिश्चिततेलाच प्रसंगाचे रूप दिले, आणि कुटुंबाच्या प्रकरणांमध्ये समूहाचे व बाजाराचे वर्णन करणारी स्वतंत्र प्रकरणे घातली. एका घराच्या कथेत न मावणारे त्याने कथेच्या रचनेत मावेल असे पाहिले. आपल्याकडे कृषी केंद्राचा दुकानदार हा त्या ट्रॅक्टरचालकाच्या जागी आहे. तोच उधारी देतो, तोच पाकीट वाचून दाखवतो, तोच सल्ला देतो. त्याला नवा सावकार करून टाकण्याचा मोह मराठी लेखकाला होणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरला पाहिजे, कारण त्यामुळे कथा सोपी होते आणि सत्ता पुन्हा निसटते.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. शेतकरी हा केवळ फसवला गेलेला जीव आहे, असे मानणे त्याच्यावर दुसरा अन्याय नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. बीटी कापूस विदर्भात कोणी सक्तीने पेरायला लावला नाही; अळीला कंटाळलेल्या शेतकऱ्याने तो आपणहून घेतला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हा हक्क मानला. जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे संघटनेच्या शेतकऱ्यांनी मान्यता नसलेला तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरला आणि त्याला सत्याग्रहाचे रूप दिले. हे शेत वाशीमपासून दूर नाही. गांधींच्या मिठाची भाषा येथे जनुकीय बियाण्यासाठी वापरली गेली, याचा अर्थ देशीवादाच्या सोप्या समीकरणात बसत नाही. देशी म्हणजे शेतकऱ्याचे आणि परके म्हणजे कंपनीचे, अशी विभागणी या शेतात टिकत नाही. जालन्याची कंपनी आणि सेंट लुईसची कंपनी एकाच संयुक्त नावाखाली आल्या तेव्हाच ती मोडली होती.

तरीही निवड आणि सत्ता या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. शेतकऱ्याने पाकीट निवडले हे खरे. पाकिटांपलीकडचे पर्याय दुकानातून नाहीसे झाले हेही खरे. बीटी संकरित वाणांनी काही वर्षांतच कापसाचे जवळजवळ सगळे क्षेत्र व्यापल्यावर सरळ वाणाची सरकी मिळणे दुरापास्त झाले. २००६मध्ये आंध्र प्रदेश सरकारने गुणधर्मशुल्काविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, आणि डिसेंबर २०१५च्या आदेशानंतर केंद्राने बियाण्याची कमाल किंमत ठरवायला सुरुवात केली. म्हणजे सत्तेला मर्यादा घालता येते. ती घातली गेली तेव्हा कोणा खलपुरुषाचा पराभव झाला नव्हता. एक आकडा वाचला गेला, त्यावर हरकत घेतली गेली, तो खोडला गेला.

मराठी परंपरेला हे ज्ञान नवे नाही. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या आणि नगरपर्यंत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या खतांवर आणि वह्यांवर होता. ज्याने मुकाट्याने कागद दिले त्याला फारशी इजा झाली नाही. त्या निरक्षर माणसांनी सत्ता माणसात कमी आणि कागदात अधिक आहे, हे ओळखले होते. आठ वर्षांनी, १८८३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात शेतापासून कचेरीपर्यंत आणि तेथून विलायतेच्या मालाने देशोधडीला लागलेल्या कारागिरांपर्यंत त्यांनी शोषणाची वाट टप्प्याटप्प्याने काढली. एका खलनायकावर न थांबता त्यांनी व्यवस्थेचे जाळे उलगडले. पुढच्या ग्रामीण कथेने फुल्यांची करुणा आणि क्रोध घेतला. वाट काढत जाण्याची ती पद्धत मात्र पुरेशी घेतली नाही.

१८७५चा कागद जाळता येत होता, कारण मूळ प्रत गावातच होती. आजच्या कागदाची मूळ प्रत गावात नाही. पाकीट जाळले तर पुढच्या हंगामात दुसरे येते. म्हणून आता तो वाचावाच लागेल. वाशीमसारख्या जिल्ह्यातील मराठी विभागांनी बियाण्याचे पाकीट, विम्याची अधिसूचना, बाजार समितीची काटापट्टी आणि कलम ३९ ही संहिता म्हणून अभ्यासाला घ्यावीत, त्यांतील ‘मी’, ‘तुम्ही’ आणि कर्त्याविना आलेली क्रियापदे तपासावीत, आणि मग त्या वाचनाच्या प्रकाशात ‘बारोमास’कडे परत जावे. एकनाथच्या घरातल्या भांडणात कोणाचा आवाज ऐकू येत नाही, हे तेव्हा अधिक नेमकेपणाने सांगता येईल. कादंबरीकाराला रूप शोधून देणे समीक्षकाच्या हाती नसते. पण दोष कोणाच्या पदरी टाकला जातो आहे याचा हिशेब मागणे त्याच्या हाती निश्चितच आहे, आणि तो हिशेब शेतकऱ्याच्या घरापाशी थांबत असेल तर समीक्षेने पुढचे पान उलटण्याचा आग्रह धरला पाहिजे.